एकाच कंटेनरमध्ये खेळणी, शोपीस आणि ख्रिसमसचा माल: कुठल्या वस्तूला कुठलं हेडिंग?

जांभळीनाका_गाळा (ठाणे)

नमस्कार मंडळी. जांभळी नाक्याला खेळणी आणि गिफ्ट आर्टिकलचा होलसेलचा गाळा आहे. माल आजवर दुसऱ्या आयातदारांकडून घेतला. आता स्वतःच्या आयईसीवर (आयात-निर्यातीच्या कोडवर) चीनहून न्हावा शेवाला वीस फुटी कंटेनर आणायचं चाललंय. सप्लायरने प्रोफॉर्मा (ऑर्डरआधीचं कच्चं बिल) पाठवलाय, त्यात सगळ्या मालासमोर एकच वर्णन आहे: ‘गिफ्ट आयटम, असॉर्टेड’. कोडही एकच, ३९२६ (प्लॅस्टिकच्या इतर वस्तू). माल असा:

पुल-बॅक प्लॅस्टिकच्या गाड्या ६,०००. २५ सेंमीचे टेडी ८००. छोट्या टेडीच्या की-चेन ३,०००. बॅटरीवरचा २४ पट्ट्यांचा पियानो ४००. मॅग्नेटचा लुडो-बुद्धिबळ सेट ५००. हजार तुकड्यांचं जिगसॉ ३००. बारा रंगांच्या क्लेचे डबे ६००. गाडीच्या डॅशबोर्डवर मान हलवणारे प्लॅस्टिकचे कुत्रे १,०००. सांताचं चित्र असलेले चिनी मातीचे मग ७२०. ख्रिसमस ट्री, झाडाला टांगायचे गोळे, एलईडी माळा, सांताच्या टोप्या आणि ड्रेस. कुत्र्यांना चावायला रबरी हाडं २००. तीनचाकी सायकली ६० आणि १२ इंची दोनचाकी ४०.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सगळा माल ३९२६ मध्ये काढता येईल का? ‘शोपीस’ लिहिलं की बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र) लागत नाही म्हणतात, ते खरं का? आणि ऑर्डर पक्की करायच्या आधी सप्लायरकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

---

वाशी_क्लिअरन्स_दप्तर

ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. माल जहाजावर चढल्यावर यातलं निम्मं दुरुस्त करता येत नाही.

टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकात, ‘गिफ्ट आयटम’ नावाचं हेडिंगच (चार आकडी कोडचं शीर्षक) नाही. वस्तू भेट द्यायला घेतात की घरी ठेवायला, याच्याशी टॅरिफला देणंघेणं नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे आणि मुख्यतः कशासाठी बनवली आहे, एवढंच ते विचारतं. वर्गीकरण सुरू होतं ते अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांतल्या पहिल्या नियमाने: हेडिंगचे शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपा. बाकीचे नियम त्यानंतर. बरेच जण टिपा न वाचता थेट कोड शोधतात आणि तिथेच फसतात.

तुमचा ३९२६ याच पहिल्या पायरीवर पडतो. एकोणचाळिसाव्या चॅप्टरची टीप २ सांगते की पंचाण्णवाव्या चॅप्टरमधल्या वस्तू, म्हणजे खेळणी, गेम, खेळाचं साहित्य, इथे येत नाहीत. गाडी शंभर टक्के प्लॅस्टिकची असली तरी ती खेळणं आहे, म्हणून ९५०३. इथे वाद घालायला जागा नाही.

आता एकेक घेऊ. गाड्या, टेडी, तीनचाकी: ९५०३. पियानोही ९५०३, कारण ब्याण्णवाव्या चॅप्टरने खेळण्यातली वाद्यं बाहेर ठेवली आहेत. पण तो इलेक्ट्रॉनिक खेळण्यात मोडतो, त्यामुळे आठ आकडी कोड आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) दोन्ही वेगळे. १२ इंची दोनचाकी मात्र ९५०३ नाही. सत्त्याऐंशीव्या चॅप्टरची टीप स्पष्ट आहे: मुलांच्या सगळ्या दोनचाकी ८७१२ मध्ये, मुलांच्या बाकी सायकली ९५०३ मध्ये. तेव्हा दोन्हींना एका ओळीत ‘किड्स सायकल’ लिहू नका.

लुडो-बुद्धिबळ: ९५०४. बोर्ड गेम आणि कोडं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्क्रॅबलच्या प्रकरणात पाहिला होता. आयातीचं नाही, उत्पादन शुल्काचं प्रकरण, पण हेडिंगचे शब्द तेच. स्क्रॅबल हे कोडं किंवा शैक्षणिक खेळणं नसून बोर्ड गेम आहे, म्हणून ९५०४, असा निकाल लागला. तुमच्या सेटमध्ये दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, पट आहे, नियम आहेत, हार-जीत आहे. जिगसॉमध्ये यातलं काही नाही. आणि ९५०३ च्या शब्दांतच ‘सर्व प्रकारची कोडी’ आहेत, म्हणून हजार तुकड्यांचं जिगसॉ मोठी माणसं लावत असली तरी ९५०३.

रबरी हाडं: पंचाण्णवाव्या चॅप्टरची टीप ५ म्हणते की केवळ प्राण्यांसाठी बनवलेल्या वस्तू ९५०३ मध्ये नाहीत, त्या आपापल्या हेडिंगमध्ये जातात. व्हल्कनाइज्ड रबराची असतील तर ४०१६, प्लॅस्टिकची असतील तर ३९२६. सप्लायर ‘रबर टॉय’ लिहितो आणि अख्खी ओळ विनाकारण ९५०३ मध्ये ओढली जाते. पाकिटावर कुत्र्याचं चित्र आणि वर्णनात ‘कुत्र्यांसाठी, व्हल्कनाइज्ड रबर’ हे शब्द हवेतच.

डॅशबोर्डवरचा कुत्रा शोभेची प्लॅस्टिक वस्तू म्हणून ३९२६ ४० मध्ये बसतो. तुमच्या यादीत ३९२६ ला खऱ्या अर्थाने पात्र असलेली हीच एक ओळ. तळाला चिकटपट्टी आहे, गाडीत लावायचा आहे, हातात घेऊन खेळायचा नाही, हे कॅटलॉगच्या फोटोत दिसलं पाहिजे. त्याच साच्यातला कुत्रा चाकं लावून पाठवला तर तो खेळणं झाला.

चिनी मातीच्या मगांचं सोपं आहे. सांता असो की गणपती, चित्राने मग सणाची वस्तू होत नाही. पंचाण्णवाव्या चॅप्टरच्या पहिल्या टिपेने रोजच्या वापराची भांडी, कपडे, चादरी वगैरे बाहेर काढली आहेत, त्यांच्यावर सणाची नक्षी असली तरी. पोर्सेलीन असेल तर ६९११, इतर सिरॅमिक असेल तर ६९१२. कुठलं ते सप्लायरला विचारून इन्व्हॉइसवर लिहून घ्या. ट्री आणि गोळे ९५०५. एलईडी माळा मात्र ९४०५ मध्ये, आणि केवळ एलईडीसाठी बनवलेल्या माळांना २०२२ च्या एचएसपासून (आंतरराष्ट्रीय कोड यादीपासून) स्वतंत्र सबहेडिंग आहे, ९४०५ ३१. कापडी सांता ड्रेस ६१ किंवा ६२ व्या चॅप्टरमध्ये, विणीप्रमाणे. टोप्या ६५०५.

---

हेडिंगवाचक

वरचं उत्तर उत्तम आहे. टोप्यांच्या बाबतीत मात्र थोडी भर घालतो. पासष्टाव्या चॅप्टरची टीप १ पण वाचायला हवी. बाहुल्यांच्या टोप्या, खेळण्यातल्या टोप्या आणि पंचाण्णवाव्या चॅप्टरमधल्या कार्निव्हलच्या वस्तू तिथे येत नाहीत. म्हणजे कापडी टोपी म्हणजे डोळे मिटून ६५०५ असं नाही. पातळ फेल्ट, एक शिवण, अस्तर नाही, मापं नाहीत, एका संध्याकाळी घालून टाकून द्यायची, अशी टोपी ९५०५ मध्ये मांडता येते. अस्तर लावलेली, मापाप्रमाणे शिवलेली, धुता येणारी टोपी ६५०५. ड्रेसला मात्र ही सवलत नाही. कापडी फॅन्सी ड्रेस टिपेने नावानिशी बाहेर आहे.

क्ले आणि की-चेन या दोन ओळी वरच्या उत्तरात राहिल्या, आणि खरा विचार तिथेच करावा लागतो.

क्ले आधी. ३४०७ च्या शब्दांतच ‘मॉडेलिंग पेस्ट, मुलांच्या करमणुकीसाठी पॅक केलेल्या धरून’ असं आहे. म्हणजे मुलांचा आहे, रंगीत डब्यात आहे, म्हणून तो आपोआप खेळणं होत नाही. हेडिंगने ही शक्यता आधीच धरली आहे. आता डबा उघडून आत काय आहे ते बघा. बारा कांड्या क्ले, तीन छोटे प्लॅस्टिकचे साचे आणि एक लाटणं असेल तर वजन, किंमत, वापर सगळं क्लेचं. साचे सोबत आलेले. असा सेट ३४०७. उलट, आइस्क्रीमचं दुकान असलेला मोठा प्लॅस्टिक सेट, त्यात दांडा फिरवला की क्ले शेवेसारखी बाहेर येते, कप आहेत, चमचे आहेत, आणि क्लेच्या दोनच डब्या, तर मूळ स्वभाव खेळण्याचा. तिथे पंचाण्णवाव्या चॅप्टरची टीप ४ लागते: खेळण्यासोबत इतर हेडिंगच्या वस्तू एकत्र किरकोळ विक्रीसाठी पॅक केल्या असतील आणि एकूण रूप खेळण्याचं असेल तर सगळं ९५०३. दोन्ही डब्यांवर सप्लायर ‘क्ले सेट’च छापतो. म्हणून इन्व्हॉइसमध्ये घटक लिहून घ्या: क्ले किती ग्रॅम, साचे किती, लाटणं किती.

की-चेन ही मिश्र वस्तू. स्टीलचं कडं आणि टेडी. अर्थ लावण्याच्या त्याच सर्वसाधारण नियमांतल्या नियम ३(ख) प्रमाणे मूळ स्वभाव कोण देतं ते बघायचं. कडं मजबूत, टेडी दोन-तीन सेंमीचा, तर ती किल्ली अडकवायची वस्तू, ७३२६. टेडी दहा-बारा सेंमीचा, कापूस भरलेला, डोळे-नाक लावलेले आणि कडं नावापुरतं, तर घेणारा टेडीसाठीच घेतो, ९५०३. नियम ३(ग), म्हणजे क्रमाने शेवटचं हेडिंग, फक्त ३(ख) ने निकाल लागत नसेल तेव्हा. आकाराचा फोटो पट्टीसह, मिलिमीटरमध्ये काढून घ्या. तीन हजार नगांसाठी हा एक फोटो पुढचे आठवडे वाचवतो.

---

मानक_तपासणी_महापे

बीआयएसच्या प्रश्नाचं उत्तर कोणी नीट वेगळं केलेलं नाही, म्हणून लिहितो. हे नीट समजून घ्या, कारण माल अडकतो तो इथे.

हेडिंग आणि बीआयएस हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हेडिंग ठरवतं शुल्क. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० (अंमल १ जानेवारी २०२१ पासून) बघतो की वस्तू १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवली आहे का, किंवा तसा हेतू स्पष्ट दिसतो का. ९५०३ म्हणजे बीआयएस आणि ९५०३ नाही म्हणजे सुटलो, हे समीकरण चुकीचं आहे. तुमच्या यादीतूनच चार उदाहरणं देतो.

हजार तुकड्यांचं जिगसॉ ९५०३ मध्ये आहे, पण आयएस ९८७३ (खेळण्यांचं भारतीय मानक) भाग १ ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतला आहे, त्याच्या व्याप्तीतून ५०० पेक्षा जास्त तुकड्यांची, जाणकारांसाठीची कोडी वगळलेली आहेत. उलट लुडो ९५०४ मध्ये आहे, तरी मुलांसाठी आहे, म्हणून आदेशात येतो. दोनचाकी ८७१२ मध्ये, पण सीटची जास्तीत जास्त उंची ४३५ मिमीपर्यंत असेल तर मानक तिला खेळण्यातली सायकल धरतं. १२ इंची सायकलला हा आकडा मोजायचाच. आणि क्ले ३४०७ मध्ये असूनही आयएस ९८७३ भाग ३ मध्ये मॉडेलिंग क्लेला स्वतंत्र, कडक मर्यादा आहेत: शिसं इतर खेळण्यांसारखंच ९० मिग्रॅ प्रति किलो, पण कॅडमियम ७५ ऐवजी ५०, क्रोमियम ६० ऐवजी २५, पारा ६० ऐवजी २५. मानकाने ज्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे ते ‘खेळणं नाही’ असं म्हणता येणार नाही.

झाडाला टांगायचे गोळे मुख्यतः शोभेचे, ते व्याप्तीबाहेर. पण त्याच खोक्यात सांताची हात-पाय हलणारी बाहुली टाकली तर ती बाहुली खेळणं.

‘शोपीस’ शब्दाने काहीही बदलत नाही. मोठे डोळे, मऊ कापड, चाकं, आवाज, पाकिटावर मूल खेळताना दाखवलेलं, वयाचा आकडा: तपासणारा हे बघतो. पाकिटावर ‘३+’ आणि इन्व्हॉइसमध्ये ‘डेकोरेटिव्ह’ असेल तर पाकीट खरं धरलं जातं.

परवाना कारखान्याला मिळतो, तुम्हाला नाही. परदेशी उत्पादकांच्या योजनेत त्या कारखान्याने अर्ज करायचा, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, तपासणी होते, मग आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल (परवाना) क्रमांक. विद्युत नसलेल्या खेळण्यांना आयएस ९८७३, बॅटरीच्या किंवा विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४. म्हणजे तुमच्या पियानोला गाडीचा परवाना चालत नाही. सप्लायर सीई किंवा ईएन ७१ चा (युरोपच्या मानकाचा) अहवाल दाखवून ‘सर्टिफाइड आहे’ म्हणेल. इथे त्याचा उपयोग शून्य.

नेहमी घडणारी चूक: परवान्यावर कारखान्याचा पत्ता एक, इन्व्हॉइसवर ट्रेडिंग कंपनीचा पत्ता दुसरा, आणि माल तिसऱ्याच कारखान्यात बनलेला. परवाना त्या पत्त्याच्या कारखान्यापुरता असतो. सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, पत्ता आणि परवान्यात कुठले प्रकार आहेत ते बघा. ‘सॉफ्ट टॉय’ असलेल्या परवान्यावर पुल-बॅक गाडी येत नाही. चिन्ह वस्तूवर किंवा पाकिटावर छापून आलं पाहिजे. इथे येऊन चिकटवायचं नाही.

चाचणीत नापास होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. गाडीचं चाक ओढलं की निघतं आणि ते ३१.७ मिमी आतल्या व्यासाच्या सिलिंडरमध्ये पूर्ण बसतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात असा सुटणारा तुकडा म्हणजे नापास. टेडीचा डोळा नुसता चिकटवलेला. पियानोच्या बटण सेलचं झाकण नखाने उघडतं, स्क्रू नाही. मऊ प्लॅस्टिकमध्ये थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) ०.१ टक्क्यावर. शेवटचं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सॅम्पलवर चाचणी करून घेतल्याशिवाय पीव्हीसीच्या मऊ वस्तूंची ऑर्डर देऊ नका. हे खेळणं शेवटी एखाद्या वर्षाच्या बाळाच्या तोंडात जाणार आहे.

---

जांभळीनाका_गाळा (ठाणे)

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. ४३५ मिमीचं कोणीच सांगितलं नव्हतं. सप्लायरला विचारलं, सीट ४१० ते ५०० मिमी वरखाली होते म्हणतो. म्हणजे जास्तीत जास्त उंची ५००. मग ती बाहेर ना?

आणि बाजारात बरेच जण गाड्या ३९२६ मध्ये काढतात असं कानावर येतं. पैशात फरक किती पडतो, आणि पकडलं तर नेमकं काय होतं?

---

मानक_तपासणी_महापे

हो, मानकात जास्तीत जास्त उंची धरलेली आहे. दांडा पूर्ण वर करून, पट्टी लावून फोटो घ्या आणि तांत्रिक पत्रकात आकडा छापून घ्या. नुसतं चॅटवरचं उत्तर कागद म्हणून चालत नाही.

---

वाशी_क्लिअरन्स_दप्तर

पैशाचा हिशेब करू, कारण मोह तिथूनच येतो.

९५०३ चं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० पर्यंत २० टक्के होतं, तेव्हा ६० झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ७०. ३९२६ ला १५. गाड्यांची असेसेबल व्हॅल्यू (ज्या किमतीवर शुल्क लागतं ती) १० लाख धरा. समाजकल्याण अधिभार इथे मुद्दाम धरलेला नाही, तो बिल ऑफ एंट्रीच्या (आयातीच्या घोषणापत्राच्या) दिवशीच्या अधिसूचनेप्रमाणे लावायचा.

९५०३ मध्ये मूळ शुल्क ७,००,०००. इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी ५ टक्के, तो १७ लाखांवर, म्हणजे ८५,०००. एकूण ७,८५,०००.

३९२६ मध्ये मूळ शुल्क १,५०,०००. आयजीएसटी १८ टक्के, ११.५ लाखांवर, म्हणजे २,०७,०००. एकूण ३,५७,०००.

वरवर फरक ४,२८,००० दिसतो. पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, मूळ शुल्काचं मिळत नाही. तुमच्या खर्चातला खरा फरक ५,५०,०००. विक्रीची किंमत ७० टक्के धरून जमत नसेल तर तो माल आणूच नका. हेडिंग बदलून तो जमवायचा नसतो.

पकडलं जाण्याबद्दल. बिल ऑफ एंट्री सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली स्वतः केलेलं मूल्यांकन आहे, म्हणजे हेडिंगची जबाबदारी आयातदाराची. ‘सीएचएने (कस्टम्स एजंटने) टाकलं’ हे उत्तर चालत नाही. २०२० च्या ऑक्टोबरअखेरीपासून देशभर फेसलेस मूल्यांकन आहे, त्यामुळे तुमची ओळ न्हावा शेवाच्या नव्हे तर दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्यासमोर जाऊ शकते. इथे काय चालतं याला काही अर्थ उरलेला नाही. माल सुटला तरी विषय संपत नाही. साधी मागणी दोन वर्षांपर्यंत येते. वस्तुस्थिती लपवली असं ठरलं तर कलम २८(४) खाली पाच वर्षांपर्यंत. त्यावर १५ टक्के दराने व्याज आणि कलम ११४क खाली शुल्काइतकाच दंड. साडेपाच लाखांवर एका वर्षाचं व्याजच ८२,५०० होतं. कलम १११(डी) आणि १११(एम) अशी दोन्ही कलमं लागू शकतात: पहिलं बीआयएसशिवायच्या, म्हणजे मनाई असलेल्या मालासाठी, दुसरं चुकीच्या घोषणेसाठी. माल जप्त होतो. खेळण्यांच्या नमुन्यांबद्दल डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) २ डिसेंबर २०१९ ची अट तर आहेच: नमुना नापास झाला की माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा, दोन्ही आयातदाराच्या खर्चाने.

किंमत कमी दाखवण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. तशाच मालाच्या इतर आयातींचे भाव विभागाकडे असतात, आणि शंका आली की मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ खाली पुरावे मागतात. बँकेतून गेलेली रक्कम आणि इन्व्हॉइस जुळलंच पाहिजे.

---

हेडिंगवाचक

की-चेन आणि क्लेसारख्या खऱ्या शंकेच्या ओळींना सरळ मार्ग आहेत.

एकच वस्तू वर्षभर आणणार असाल तर अग्रिम निर्णय घ्या. सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण जानेवारी २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत आहे. सीएएआर-१ हा फॉर्म, फी १०,००० रुपये, निर्णयाला तीन महिन्यांची मुदत. निर्णय तीन वर्षं किंवा कायदा बदलेपर्यंत चालतो, पण फक्त अर्जदाराला. शेजारच्या गाळ्याचा निर्णय दाखवून तुमचा माल सुटणार नाही.

माल येऊन ठेपला असेल आणि हेडिंगवर एकमत होत नसेल तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं, बाँड आणि सुरक्षा देऊन. वस्तू काय आहे हेच कागदावरून कळत नसेल तर फर्स्ट चेक मागा: आधी तपासणी, मग मूल्यांकन. वेळ जातो, पण आपणहून मागितलेला फर्स्ट चेक आणि नंतर उघडकीला आलेली गफलत यात फार अंतर आहे. आणि अधिकाऱ्याने हेडिंग बदललं व ते पटलं नाही तर लेखी आदेश मागा. अपील आयुक्तांकडे ६० दिवसांत करायचं असतं, आणि आदेशाशिवाय अपील कशावर करणार?

---

वाशी_क्लिअरन्स_दप्तर

आता ऑर्डरआधीचं. माझं स्पष्ट मत: हा माल एका बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) आणू नका. बीआयएसची ओळ अडली की अख्खं बिल ऑफ एंट्री अडतं, आणि चिनी मातीचे मग, ट्री, माळा हा डिसेंबरचा माल द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) भाडं भरत बसतो. जानेवारीत सुटलेल्या ट्रीचं काय करणार? एक बिल ऑफ लेडिंग फक्त खेळण्यांचं, दुसरं बाकी सगळ्याचं. खेळण्यांचा कारखाना परवानाधारक नसेल तर पहिलं रद्दच.

इन्व्हॉइसमध्ये प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ हवी: नाव, मॉडेल क्रमांक, कशाची बनलेली, कशासाठी, कोणत्या वयासाठी, माप, नग, दर. उदाहरणार्थ ‘पुल-बॅक कार, एबीएस प्लॅस्टिक, बॅटरीविना, ९ सेंमी, ३ वर्षांवरील’. पॅकिंग लिस्टमध्ये कार्टन क्रमांक ओळीप्रमाणे द्या, १ ते ६० गाड्या, ६१ ते ८० टेडी, असं. तपासणीला ठरावीक कार्टनच उघडावे लागतात. मिसळून भरलेला कंटेनर असेल तर सगळा उपसावा लागतो आणि त्याची मजुरी तुमच्याच बिलात येते.

ई-संचितवर (कस्टम्सला कागदपत्रं ऑनलाइन द्यायच्या सोयीवर) इन्व्हॉइस-पॅकिंग लिस्टसोबत कॅटलॉग, पाकिटाच्या सहाही बाजूंचे फोटो, बीआयएस परवाना आणि क्लेच्या घटकांचं पत्रक पहिल्याच दिवशी चढवा. क्वेरी येण्याची वाट बघू नका. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. एडी कोड (तुमच्या बँकेचा कोड) न्हावा शेवासाठी आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) आधीच नोंदवून ठेवा.

लेबल राहिलं. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे किरकोळ पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, नग, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा, आणि तो माल सोडवण्याआधी. ट्री, मग, कुत्रे यांनाही. कारखान्यातच छापून घेणं सर्वांत स्वस्त.

---

जांभळीनाका_गाळा (ठाणे)

सप्लायरला आजच दोन प्रोफॉर्मा मागतो. टेडीचा आणि गाड्यांचा सीएम/एल क्रमांक त्याने दिलाय, पण ॲपमध्ये पत्ता वेगळ्याच गावाचा दिसतोय. तो म्हणतो, ‘सिस्टर फॅक्टरी’ आहे.

---

मानक_तपासणी_महापे

सिस्टर फॅक्टरी असं परवान्यात काही नसतं. परवान्यावरच्या पत्त्यावरच माल बनतो, हे त्या कारखान्याकडून लेखी घ्या, आणि प्रोफॉर्मावर उत्पादक म्हणून त्याच पत्त्याची ओळ घाला. तो तयार नसेल तर त्या दोन ओळी ऑर्डरमधून काढा. आगाऊ रक्कम तोवर पाठवू नका.